कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस द्यावं का? (भुसावळचा उन्हाळा, घरात लहान मूल)

तापीकाठ (भुसावळ) यांचा प्रश्न

घरी लॅब्राडोर आहे, साडेतीन वर्षांचा नर, नसबंदी झालेला, वजन २९ किलो. शिवाय दोन देशी मांजरी. कुत्र्याला आतापर्यंत चिकन-भात आणि मांजरींना विकतचं कोरडं खाणं चालू आहे. ग्रुपवर सगळे कच्च्या मांसाचं कौतुक करतात. केस चमकतात, दात स्वच्छ राहतात, शी कमी आणि घट्ट होते म्हणतात. म्हणून बदल करायचा विचार आहे.

ठरवलंय ते असं. रविवारी चिकनच्या दुकानातून आठवड्याचं एकदम आणायचं: माना, पाय, कलेजी-पेटा आणि थोडा खिमा. घरी पुड्या बांधून फ्रीजरला टाकायच्या. रोज सकाळी एक पुडी ओट्यावर काढून ठेवायची, दुपारपर्यंत सुटी झाली की द्यायची. महिन्यातून एकदोनदा मटणाच्या दुकानातून बोकडाची वजडी आणि फुप्फुसं.

फ्रीजरमध्ये जंतू मरतात ना? कुत्र्याच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्याला काही होत नाही, हे कितपत खरं? आणि हळद-मीठ किंवा व्हिनेगर लावून धुतलं तर पुरतं का? फ्रीज सिंगल डोअर आहे, उन्हाळ्यात लाईट जाते. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि सत्तरी ओलांडलेली आई, तिला मधुमेह आहे. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

पांझरा (धुळे)

भाऊ, आधी फ्रीजरचं बोलतो, कारण तुमची सगळी योजना त्याच्यावर उभी आहे. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, जंतू मरत नाहीत. थोडेफार कमी होतात, पण साल्मोनेला उणे १८ अंशांवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढायला लागतो. नेदरलँड्समध्ये बाजारातलं गोठवलेलं कच्चं कुत्रा-मांजर खाद्य तपासलं होतं, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. आठ ब्रँडची ३५ पाकिटं होती. १९ मध्ये लिस्टेरिया, ७ मध्ये साल्मोनेला, ८ मध्ये ई. कोलाय ओ१५७ निघाला, आणि २८ मध्ये नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा ई. कोलाय. सगळी पाकिटं गोठवलेलीच होती. लिस्टेरियाचं आणखी एक वाईट म्हणजे तो फ्रीजच्या ४ अंशांवरही हळूहळू वाढतो.

गोठवण्याने काही परजीवी मात्र मरतात. टॉक्सोप्लाझ्माच्या मांसातल्या गाठी उणे १२ च्या खाली काही दिवस ठेवल्या तर निकामी होतात. पण सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यात मे महिन्यात, दिवसातून दहादा दार उघडल्यावर, तेवढं तापमान टिकेल याची खात्री नाही. साधा फ्रीज-थर्मामीटर रात्रभर आत ठेवून बघा.

आता आम्ल. कुत्र्याचं जठराम्ल तीव्र असतं हे खरं, आणि निरोगी मोठा कुत्रा साल्मोनेला असलेलं मांस खाऊन बहुतेक वेळा ठणठणीत राहतो हेही खरं. पण सगळे जंतू पोटात मरत नाहीत. मांस पोटात गेलं की आम्लाची तीव्रता काही काळ उतरते, चरबीच्या आड जंतू वाचतात आणि आतड्यातून शीमध्ये जिवंत बाहेर पडतात. कॅनडात एका प्रयोगात १६ कुत्र्यांना साल्मोनेला असलेलं कच्चं खाणं फक्त एकदा दिलं. त्यातले ७ कुत्रे पुढे जंतू बाहेर टाकत होते, कोणी एक दिवस, कोणी सात दिवसांपर्यंत. रोज कच्चं खाणाऱ्याचं तर चक्रच चालू राहतं. शी केल्यावर कुत्रा स्वतःला चाटतो, त्याच जिभेने मुलीचा हात चाटतो, त्याच पायांनी फरशीवर फिरतो, आणि फरशीवर बसून मुलगी तोंडात बोट घालते. म्हणून "आमच्या कुत्र्याला कधी काही झालं नाही" यावरून घर सुरक्षित आहे असं ठरत नाही. पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस, गरोदर बाई, मधुमेह, केमो किंवा स्टिरॉइडवर असलेला रुग्ण, यातलं एकही घरात असेल तर कच्चं नको. तुमच्याकडे दोन आहेत.

आणि ओट्यावर पुडी ठेवणं तर सर्वांत घातक. गोठलेली पुडी बाहेरून आत वितळते. मधला गाभा दगडासारखा असतो तेव्हा वरचा थर खोलीच्या तापमानाला आलेला असतो आणि जंतू त्याच थरावर असतात. ई. कोलाय पोषक जागी, ३७ अंशांच्या आसपास साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे चार तासांत एकाचे चार हजारांवर. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला ४३ ते ४७ अंश सर्वांत मानवतात, तिथे तो दहा मिनिटांच्या आतच दुप्पट होतो. भुसावळच्या मे महिन्यातलं तापमान सगळ्यांना पाठ आहे. कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको हा नियम साध्या हवेचा आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून एकच तास धरायचा, आणि दुकानातून घरी येईपर्यंतचा वेळ त्यातच मोजायचा.

हळद-मीठ, लिंबू, व्हिनेगर यांनी वास जातो, चिकटपणा जातो. जंतू कातडीच्या छिद्रांत आणि स्नायूंच्या घड्यांत बसलेले असतात, तिथे हे पोचत नाही. नळाखाली धुताना उलट शिंतोडे उडून शेजारची भांडी आणि कापलेली कोथिंबीर खराब होते. चिकन धुऊच नका, सरळ शिजवा.

गिरणामाई (चाळीसगाव)

पांझरा दादांनी घरातलं सांगितलं, मी दुकानातलं सांगते. माझं मांस-स्वच्छतेचं काम याच भागात चालतं.

कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला जिवंत कोंबडीच्या आतड्यात असतात, कोंबडी दिसायला चांगली असली तरी. पक्षी कापला की ड्रममध्ये टाकतात, तो तिथे तडफडतो, शी बाहेर येते. मग एकाच बादलीतल्या पाण्यात एकामागून एक पक्षी बुचकळतात. दुपारी त्या पाण्याकडे बघा, गढूळ गुलाबी झालेलं असतं. पहिल्या पक्ष्याचे जंतू विसाव्याला लागतात. लाकडी ठोकळ्यावर सुरीच्या वारांच्या भेगा असतात, त्यात रक्त-चरबी मुरते आणि ठोकळा खरवडून, मीठ लावून ठेवला तरी तळाचं निघत नाही. तुम्ही लिहिलेल्या यादीत नेमके सर्वांत दूषित भाग आहेत. पक्षी उलटा टांगला की सगळं पाणी मानेकडे ओघळतं. युरोपात कोंबडीतला कॅम्पायलोबॅक्टर तपासायला मानेचीच कातडी घेतात. पाय आयुष्यभर विष्ठेत उभे असतात. कलेजीत कॅम्पायलोबॅक्टर आतपर्यंत असू शकतो, नुसता वरून नाही. आणि खिमा म्हणजे वरचे सगळे जंतू यंत्राने आत मिसळलेले. त्याच यंत्रातून आधी काय गेलं ते कोणाला माहीत?

बोकडाच्या फुप्फुसांबद्दल मात्र हात जोडून सांगते, कच्ची देऊ नका. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात आणि काळजात (यकृतात) हायडॅटिडच्या, म्हणजे पट्टकृमीच्या, गाठी असू शकतात. पांढरट, ताणलेल्या, पाण्याने भरलेल्या, वाटाण्यापासून लिंबापर्यंत, कधी त्याहून मोठ्या. दुकानदार असा तुकडा कापून कुत्र्यासमोर टाकतो, आणि रोगाचं चक्र तिथेच पूर्ण होतं. गाठीतली पिल्लं कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात. लांबी फक्त ३ ते ७ मिलिमीटर, त्यामुळे शीमध्ये डोळ्यांना काही दिसत नाही आणि कुत्र्याला त्रासही नसतो. साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी पडायला लागतात. ती अंडी कुत्र्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, मेथी-कोथिंबिरीला लागून माणसाच्या पोटात गेली की काळजात किंवा फुप्फुसात गाठ वाढते. वर्षानुवर्षं कळत नाही, आणि पुढे बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. लहान गाठ खोल असेल तर बाहेरून दिसतही नाही, म्हणून "बघून घेतलं" हा उपाय नाही. ज्या कुत्र्याने कच्ची फुप्फुसं-काळीज खाल्लंय त्याला प्राझिक्वान्टेल हे पट्टकृमीचं औषध हवं, दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम. म्हणजे २९ किलोला साधारण १४५, गोळीचा हिशेब डॉक्टर करतील. पोटातल्या जंतांची प्रत्येक गोळी यावर चालत नाही, पाकिटावर प्राझिक्वान्टेल हे नाव शोधा. गाठी असलेलं मांस उघड्यावर टाकायचं नाही. जाळा, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरा.

याच जातीचं दुसरं दुखणं साक्री-धुळ्याकडच्या मेंढपाळ ठेलारी बांधवांनी लक्षात ठेवावं. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरते, मान वाकडी धरते, ती कळपातल्या कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे. मेलेल्या मेंढीची मुंडी कच्ची कुत्र्याला टाकली की पुढच्या मेंढ्या तयार. मुंडी उकळून टाका, नाहीतर पुरा. आणि गाभडलेल्या शेळी-म्हशीचा जार कुत्र्याला कधीच नाही, त्यात ब्रुसेला हा जंतू असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

सातपुडा (शिरपूर)

थोडं वेगळं मत मांडतो. कच्चं मांस म्हणजे विषच, असं मला वाटत नाही. ज्या घरात सगळी धडधाकट मोठी माणसं आहेत, डीप फ्रीझर आहे आणि शिस्त पाळायची तयारी आहे, तिथे धोका बराच कमी करता येतो. पण त्याला चिकन चालत नाही आणि खिमा तर नाहीच.

निरोगी जनावराच्या अखंड स्नायूच्या आतला भाग जवळपास निर्जंतुक असतो, जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात. म्हणून बोकडाच्या मांडीचा हाड नसलेला, अर्धा किलोचा एकसंध तुकडा घ्यायचा, सकाळच्या पहिल्या जनावराचा, समोर कापलेला. दुकानापासून घरापर्यंत बर्फाच्या डब्यात. घरी उणे १८ च्या डीप फ्रीझरमध्ये किमान तीन आठवडे, ते परजीवींसाठी. द्यायच्या आदल्या दिवशी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उतरवायचा, म्हणजे ठिबकलेलं पाणी भाजीवर पडत नाही. अर्ध्या किलोला वितळायला पूर्ण दिवस धरा. मग खळखळ उकळत्या भरपूर पाण्यात एक मिनिट बुडवायचा, सगळीकडून पांढरट झाला पाहिजे, आणि धुतलेल्या दुसऱ्या सुरीने कापून लगेच द्यायचा. पंधरा-वीस मिनिटांत जे खाल्लं नाही ते उचलायचं, परत फ्रीजला नाही. यात कलेजी, वजडी, फुप्फुस बसत नाही, ते शिजवूनच.

विकतचं कच्चं घेणार असाल तर उच्च दाबाची प्रक्रिया केली आहे का ते कंपनीला विचारा. त्यात साधारण ६०० मेगापास्कल दाब देतात, जंतू खूपच कमी होतात, पण शून्य होतात असं नाही. फ्रीझ-ड्राय केलेलं कुरकुरीत मांस बघून लोकांना ते शिजलेलं वाटतं. ते कच्चंच असतं, साल्मोनेला त्या सुकवण्यात टिकतो.

तापीकाठ भाऊंच्या घरी मात्र हे काहीच करू नये, याबाबत पांझरांशी पूर्ण सहमत.

पांझरा (धुळे)

सातपुडा, तुमची पद्धत ग्रुपवरच्या पद्धतींपेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे. तरी दोन गोष्टी जोडतो. एक, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू. आपल्याकडे खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर २०१९ मध्ये बंदी आली ती याच काळजीने. कुत्र्याच्या आतड्यात असा ई. कोलाय राहायला आला तर आज कोणालाच काही होत नाही. पुढे घरातल्या कोणाला लघवीचा संसर्ग झाला आणि नेहमीची औषधं चालेनात, तेव्हा कळतं.

दुसरं, कच्च्या चिकनवरच्या कुत्र्यांमधला लुळेपणा. आधी मागचे पाय लटपटतात, जिना चढताना घसरतात, एकदोन दिवसांत पुढचे पायही जातात. भुंकणं घोगरं किंवा बारीक होतं. शुद्ध आणि भूक मात्र शाबूत. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कुत्र्यांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर सापडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा नऊ पटींहून जास्त होतं. बहुतेक बरे होतात, पण आठवडे-महिने लागतात, आणि श्वासाचे स्नायू गेले तर मृत्यूही येतो. अशी लक्षणं दिसली तर गोचीडताप समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

नवापूर_पोल्ट्री (नवापूर)

मांजरींचा विषय कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. मांजराला कच्ची कोंबडी देण्यात जंतूंच्या जोडीला बर्ड फ्लूचा विषाणू आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक आमच्या नवापुरात निघाला, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात, आणि २०२१ मध्ये पुन्हा नवापुरात पक्षी मारावे लागले. मांजरवर्गाला एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू फार जोराने लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. त्याच सुमारास अमेरिकेत कच्चं गोठवलेलं विकतचं खाणं खाऊन घरातली मांजर मेल्याचंही सिद्ध झालं. गोठवण्याने हा विषाणू मरत नाही, टिकतो. ७० अंशांच्या वर नीट शिजवलं की मरतो. शेडमधली मेलेली कोंबडी तर कुत्रा-मांजर कोणालाच टाकायची नाही, शिजवूनही नाही. खड्डा, चुना, माती. एकदम बरेच पक्षी मेले तर पशुसंवर्धन विभागाला कळवा.

कच्चं मांस किंवा उंदीर खाल्लेलं मांजर टॉक्सोप्लाझ्माची अंडी आठवडा-दोन आठवडे शीमध्ये टाकतं. ती पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करा, आणि घरात गरोदर बाई असेल तर ते काम दुसऱ्याने करावं.

तापीकाठ (भुसावळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. कच्च्याचा विचार सोडला, फुप्फुसंही बंद. आता शिजवूनच द्यायचं तर प्रमाण काय ठेवू? शिजवल्याने सत्त्व जातं म्हणतात, त्याचं काय? आणि फ्रीजरमध्ये दोन किलो माना आणून ठेवल्यात, त्या टाकू का?

पांझरा (धुळे)

२९ किलोच्या, नसबंदी झालेल्या, फार न पळणाऱ्या लॅबला दिवसाला साधारण १,१०० किलोकॅलरी लागतात. ४०० ग्रॅम बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन (कच्चं वजन), ३० ग्रॅम कलेजी, १२० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम दुधी, गाजर किंवा लाल भोपळा, आणि दोन छोटे चमचे तेल. सकाळ-संध्याकाळ अर्धं-अर्धं. दर पंधरा दिवसांनी वजन करून तांदूळ कमी-जास्त करा, फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. कलेजी रोज याहून जास्त नको, अ जीवनसत्त्व अंगात साठतं.

यात सर्वांत मोठी उणीव कॅल्शियमची. कच्चं देणारे हाडांतून ते भरून काढतात, तुम्ही नुसतं मांस-भात दिला तर महिन्यांनी हाडं ठिसूळ होतात. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. रोज एक छोटा सपाट चमचा, ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम. शिजवलेलं हाड कधीही नाही, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व या जेवणात पुरत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडून मिश्रण लिहून घ्या. हे सगळं मोठ्या कुत्र्याचं गणित आहे, पिल्लाला लावू नका.

सत्त्व बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणून पाणी फेकायचं नाही. तीन सेंटिमीटरचे तुकडे, जेमतेम बुडेल इतकं पाणी, उकळी आल्यावर झाकण ठेवून पंधरा मिनिटं. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यात ७४ अंश. त्याच पाण्यात भात शिजवा. घरच्यांच्या रश्श्यासाठी मांस उकळत असाल तर कुत्र्याचा वाटा कांदा-लसूण आणि काळा मसाला पडायच्या आधी वेगळा काढा, कांदा-लसणाने रक्तपेशी फुटतात.

शिजल्यावर पातेलं ओट्यावर रात्रभर सोडू नका. परफ्रिंजेन्सचे बीजाणू उकळीतही वाचतात आणि खोल पातेल्यात तासन्‌तास कोमट राहिलेलं अन्न त्यांना फार आवडतं. परातीत पातळ पसरून पंख्याखाली निववा, तासाभरात फ्रीजला. तीन दिवसांपेक्षा जास्त साठा नको. लाईट गेली तर दार बंद ठेवा, चार तासांपुढे गेली तर फ्रीजमधलं मांस टाका.

मांजरींचं विकतचं संपूर्ण खाद्य बदलू नका. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल अन्नातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू फुगून ढिला पडतो. हे १९८७ साली सिद्ध झालंय. शिजलेलं चिकन त्यांना वरखाऊ म्हणून, रोजच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा कमी.

गिरणामाई (चाळीसगाव)

माना टाकू नका भाऊ. वितळवायच्याही नाहीत, फ्रीजरमधून काढून थेट उकळत्या पाण्यात, पुन्हा उकळी आल्यापासून अर्धा तास. गार झाल्यावर मांस बोटांनी सोडवून घ्या, मणके एकेक करून काढा आणि शेवटी सगळं चाळणीतून फिरवा, बारीक हाड हमखास राहतं. रस भाताला वापरा. चोथा पिशवीत घट्ट बांधून, कुत्र्याला उकरता येणार नाही अशा डब्यात.

पुड्या ज्या कप्प्यात होत्या तो आणि कुत्र्याची थाळी आधी साबणाने घासा, मग ब्लीच. घरातलं ४ टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा, ५ मिलिलिटर, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवा. चरबी-रक्त राहिलं असेल तर ब्लीच त्यातच संपतं, म्हणून घासणं आधी. प्लास्टिकची थाळी असेल तर बदला, ओरखड्यांत बसलेले जंतू ब्लीचनेही निघत नाहीत. स्टीलची घ्या, आणि तिची घासणी घरच्या भांड्यांपेक्षा वेगळी ठेवा.